चिमणीचं लाकडी घरटं: सांगलीच्या सुतारकाकांच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव

परवा माहेरी द्यायला सुतारकाकांकडनं अजून एक घरटं आणलं, तेव्हाच ठरवलं की आता सविस्तर लिहायचं. मार्च आला की ओळखीतल्या चारपाच जणी तरी विचारतात, चिमणीचं लाकडी घरटं कुठनं घेतलंस, त्यात चिमण्या खरंच येतात का. येतात. चिमणी बिचारी कशातही येते, चपलांच्या खोक्यात येते, मीटरच्या पेटीत येते, पण आत घातलेल्या अंड्यांची पिल्लं होऊन ती सुखरूप बाहेर पडतात का, हे सगळं घरट्याच्या मापावर असतं, आणि हे मला तीन पिल्लं डोळ्यांदेखत गेल्यावर कळलं. त्यामुळं जरा लांबणार आहे, पण घ्यायचं मनात असेल तर वाचा.

आमचं जुनं घर सांगलीत गावभागात. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, तुळयांच्या टोकांशी भिंतीत खाचा आणि त्या प्रत्येक खाचेत चिमण्यांचा संसार. देवघरात आजेसासऱ्यांचा फोटो जरा पुढं कलता लावलेला असायचा, त्याच्या मागं दरवर्षी घरटं ठरलेलं. सासूबाई भर उन्हाळ्यात पंखा लावू द्यायच्या नाहीत, चिमणी आत आलीय म्हणायच्या, आणि आम्ही सगळे पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, पाणी उतरल्यावर मागची भिंत बसली, मग बाकीचं घर पण राहण्यासारखं उरलं नाही, आम्ही विश्रामबागला फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅट चांगला आहे, हवा उजेड भरपूर, पण सगळं सिमेंट आणि काच, चिमणीला शिरायला बोटभर फट नाही. सासूबाई रोज गॅलरीत तांदळाच्या कण्या टाकायच्या, चिमण्या यायच्या, खायच्या, जायच्या. एकदा म्हणाल्या, "जेवायला येतात गं, राहायला कुठं जात असतील?" तेव्हापासनं माझ्या डोक्यात घरट्याचं बसलं.

२०२३ च्या जानेवारीत मी पहिलं घरटं ऑनलाइन मागवलं. कुणाचं ते लिहीत नाही, कारण तसली घरटी सगळीकडंच मिळतात, गेल्या वर्षी एका प्रदर्शनात पण डिट्टो तसलीच बघितली. ५९९ रुपये. पातळ प्लाय, बाहेरनं पिवळा नि लाल ऑइलपेंट, वर चिमणीचं चित्र, पुढं बसायला गोल दांडी आणि लटकवायला सुतळी. दिसायला फार गोड होतं. आमची मोठी गॅलरी पश्चिमेची, तिथं लावलं. फेब्रुवारीत जोडी आली, चिमणा दिवसभर गवताच्या काड्या घेऊन यायचा, सासूबाई खुर्ची टाकून बघत बसायच्या, आम्हाला वाटलं झालं काम.

एप्रिलमध्ये एका सकाळी साडेसहाला चहा ठेवत होते तर बाहेर चिमण्यांचा नुसता कलकलाट. धावत गेले तर कावळा त्या दांडीवर बसलेला, डोकं भोकातनं आत. मी ओरडले तोवर दोन पिल्लं गेली होती. तिसरं कोपऱ्यात कुंडीमागं पडलेलं सापडलं, अंगावर पिसं पण नीट आलेली नव्हती, ते दुपारपर्यंत जगलं. आणि खरा त्रास पुढंच झाला, चिमणा नि चिमणी दोघं संध्याकाळपर्यंत चोचीत किडा घेऊन येत राहिली, आत डोकावायची, परत दांडीवर बसून ओरडायची. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

नंतर ते घरटं काढून मोजपट्टी घेऊन बसले तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली. भोक दोन इंचाचं. चिमणीला सव्वा इंच बास होतं, चिमणीच्या पेटीला साधारण ३२ मिलिमीटरचं भोक धरतात, म्हणजे जवळजवळ सव्वा इंच. दोन इंचात साळुंकी शिरते आणि कावळ्याचं डोकं जातं. दुसरं म्हणजे भोकाच्या खालच्या कडेपासनं तळ जेमतेम दोन इंच खाली, म्हणजे पिल्लं जवळजवळ उंबऱ्यावरच बसलेली. त्या दांडीची चिमणीला काही गरज नसते, ती भोकाच्या कडेला नखांनी धरून सरळ आत जाते, दांडी कामाला येते ती कावळ्याच्या. छत डिंकानं चिकटवलेलं, म्हणजे आतलं साफ करायची सोयच नाही. दुपारी तीनला हात लावला तर प्लाय भाजत होता आणि आतनं रंगाचा वास येत होता. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पश्चिमेच्या भिंतीवर त्या डबीत पिल्लं कशी तगली असती कुणास ठाऊक. चूक माझी पण होती, मी जागा बघून लावलं नाही आणि माप न बघता चित्र बघून घेतलं.

मध्ये एक मडकं पण लावून बघितलं, कुंभाराकडनं १२० रुपयांना, बाजूला भोक असलेलं. मडक्याला मी नावं ठेवणार नाही. सावलीत लावलं तर आत गार राहतं, चिमण्यांना आवडतं, आणि एक वेत त्यातनं बाहेर पडला पण असावा, मी तेव्हा गावाला होते त्यामुळं खात्रीनं सांगत नाही. अडचण एवढीच की आतनं साफ करता येत नाही आणि जूनच्या वाऱ्यात ते भिंतीवर आपटून फुटलं, नशिबानं तेव्हा रिकामं होतं.

मग काका. आमच्या फ्लॅटच्या दाराची चौकट पावसानं फुगली होती ती तासायला यांनी एका सुतारकाकांना आणलं होतं, मिरज रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. पाट, चौरंग, पोळपाट, गणपतीत मखरं, अशी कामं करतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मी कागदावर सगळी मापं लिहून त्यांच्याकडं गेले. त्यांनी कागद बघितला, घडी घालून कानावरच्या पेन्सिलीशेजारी खोचला आणि म्हणाले, "वैनी, माप बरोबर असंल तुमचं, पण आधी मला सांगा आत कोण जाणार आणि कोण जायला नको." मी कावळ्याचं सगळं सांगितलं. ते उठले, एक कच्ची पेटी होती तिच्या भोकात स्वतःचं मधलं बोट घालून तळाला टेकतंय का बघितलं. टेकलं. "माझं बोट टेकतंय म्हंजे त्याची चोच टेकणार," म्हणाले आणि तळाची फळी काढून खाली सरकवली. असं तीन वेळा केलं. शेवटी भोकापासनं तळ साडेपाच इंच खाली ठेवला. आतली जागा पाच बाय पाच इंच, पुढची फळी साडेआठ इंच, मागची दहा, म्हणजे छताला पुढं उतार येतो, आणि छत पुढं दोन इंच बाहेर काढलेलं, त्यानं पाऊस आत येत नाही आणि वरनं कुणाला डोकं पण घालता येत नाही.

लाकूड पाइनचं, कुपवाड एमआयडीसीतनं मशिनरीच्या पॅकिंगचं येतं ते, पाऊण इंच जाड. इथं मला एक शंका होती ती विचारली, कारण परदेशातनं येणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते आणि तसा शिक्का फळीवर मारलेला असतो. एचटी लिहिलं असेल तर ते नुसतं तापवलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी वायूची धुरी दिलेलं. काकांना अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता, पण मी सांगितल्यावर त्यांनी सगळा ढीग उलटापालटा करून शिक्के बघितले आणि एमबीवाल्या दोन फळ्या बाजूला काढल्या. आता गेलं की आधी शिक्का दाखवतात, मग करवत लावतात. तुम्ही कुठल्याही सुताराकडनं पॅकिंगच्या लाकडाचं काम करून घ्या, हे विचाराच, घरट्यालाच नव्हे तर पाटाला, फळीला पण.

अजून एक गोष्ट, जी मी सांगितली नव्हती, माझ्या कागदावर पण नव्हती. पुढची फळी लावायच्या आधी त्यांनी पटाशी घेतली आणि आतल्या बाजूला भोकाच्या खाली आडव्या सातआठ खाचा पाडल्या, शिडीसारख्या. मी विचारलं हे कशाला. म्हणाले, "एवढा खोल केलाय, मग पिल्लू वर कसं यायचं? आमच्या गावाकडं रांजणात कोंबडीचं पिल्लू पडलं तर काठी टाकतो की." रंधा त्यांनी आतनं मारलाच नाही, खरबरीत ठेवलं. बाहेरनं फक्त जवसाच्या तेलाचा हात, रंग नाही, पॉलिश नाही. तळाला पाणी निचरायला चार बारीक भोकं, छताखाली दोन्ही बाजूंनी हवेला भोकं. उजवीकडची फळी वर दोन स्क्रूंवर फिरते नि खाली एक स्क्रू काढला की दारासारखी उघडते, साफ करायला. तेव्हा एकाला २८० रुपये घेतले, आता ३५० घेतात. ऑनलाइनच्या जवळजवळ निम्म्यात.

जानेवारी २०२४ मध्ये दोन लावली. एक पूर्वेच्या छोट्या गॅलरीत स्लॅबच्या खाली, जमिनीपासनं नऊ फुटांवर, सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दहानंतर सावली. मांजराला उडी मारायला जवळ काही नाही हे बघून घेतलं. लटकवलं नाही, भिंतीत रॉलप्लग घालून दोन स्क्रूंनी घट्ट बसवलं, हलणारं घरटं चिमणीला नको असतं. दुसरं एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ, कारण तिथं भोक पाडायला सोपं होतं. या दुसऱ्याची गोष्ट खाली सांगते.

पहिल्यात फेब्रुवारीच्या मध्याला जोडी आली. आधी चिमणा एकटाच येऊन भोकात तोंड घालून ओरडायचा, मग चिमणीला घेऊन आला, ती आत जाऊन बघून निघून गेली, परत आली, असं आठवडाभर चाललं, अगदी फ्लॅट बघायला येतात तसं. मग काड्या सुरू. मी ठरवलं होतं की या वेळी आत डोकवायचं नाही, मोबाइल घालून फोटो काढायचा नाही, नुसतं कालनिर्णयवर लिहायचं. चिमणी साधारण तीन ते पाच अंडी घालते, अकरा ते चौदा दिवस उबवते, दोघंही आळीपाळीनं बसतात. ११ मार्चला सकाळी पहिल्यांदा आतनं अगदी बारीक चीं चीं आली. नीट कान दिला तरच ऐकू येणारी. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांना मी स्टुलावर नेऊन उभं केलं आणि भिंतीला कान लावायला सांगितला, भिंतीतनं त्यांना ऐकू आलं. काय तो चेहरा झाला होता त्यांचा, मी आयुष्यात विसरणार नाही.

त्यानंतरचे दिवस मी बऱ्याच वेळा गॅलरीच्या दाराआडच असायचे. दोघं दिवसभर किडे आणत होती, हिरव्या अळ्या, छोटे टोळ, पतंग. हे लोकांना माहीत नसतं, बाजरी-तांदूळ मोठ्या चिमण्यांना चालतो, पण पिल्लांना पहिले काही दिवस किडेच लागतात, त्यामुळं घरटं लावून कुंड्यांवर औषध मारत बसलात तर काही उपयोग नाही. मी तेव्हापासनं जास्वंदाला आणि तुळशीला काहीही फवारत नाही, अळ्या पडल्या तर पडू दे. आणि जाताना दर वेळी चोचीत काहीतरी पांढरं घेऊन जायच्या, आधी मला वाटलं अंड्याचं कवच, पण रोज रोज कसं असेल, नीट बघितल्यावर कळलं की पिल्लांची शी एका पातळ पिशवीत बांधलेली येते, ती उचलून लांब नेऊन टाकतात. घरटं इतकं स्वच्छ ठेवतात.

कावळा आला. येणारच होता. २० तारखेला, म्हणजे नेमका जागतिक चिमणी दिवस होता तेव्हा, तो छतावर येऊन बसला, वाकून भोकापर्यंत पोचायला बघत होता, पण छत पुढं असल्यानं मान वळेना आणि पुढं पाय टेकायला काही नव्हतं, दोनदा पंख फडफडवून घसरला. एकदा भोकात चोच घातली सुद्धा. आत काही हाताला लागलं नाही, म्हणजे चोचीला. पाच मिनिटं माझा जीव टांगणीला, मग तो उडून गेला आणि तीनचार दिवस येत राहिला, नंतर सोडलं त्यानं. साडेपाच इंच. माझ्या मते घरट्यात बघायचं पहिलं माप हेच, बाकी सगळं नंतर.

२६ मार्चला सकाळी आठला भोकात एक तोंड दिसलं, चोचीच्या कडा पिवळ्याधमक, डोक्यावर दोन केस उभे. खाचांवर पाय रोवून वर आलं असणार ते. चिमणा समोरच्या ग्रिलवर हिरवी अळी धरून बसला होता, देत नव्हता, नुसता बोलवत होता. पिल्लू निम्मं बाहेर यायचं, परत आत. असं नऊ वाजेपर्यंत. मग एकदम उडालं, उडालं म्हणजे पडत पडत समोरच्या आंब्यावर गेलं. त्याच्या मागनं दुपारपर्यंत अजून दोन. तीन. बरोबर पंधरा दिवस. मी ऑफिसला हाफ डे टाकला होता आणि साहेबांना कारण खरं सांगितलं.

तेव्हापासनं गेल्या दोन वर्षांत दोन्ही घरट्यांतनं मिळून पाच वेत सुखरूप बाहेर पडलेत, माझ्या नोंदीप्रमाणं. एक वेत वाया गेला, जुलैच्या पावसात, चिमणीच परत आली नाही, का ते कळलं नाही.

आता दुसऱ्या घरट्याचं. सहा महिने रिकामं. लाकूड तेच, माप तेच, काकांचं कामही तेच, पण एसीचं युनिट सुरू झालं की गरम हवा आणि थरथर. जूनमध्ये तिथनं काढून स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीवर लावलं, पहिल्यापासनं साधारण चार फुटांवर. चिमण्यांना शेजार चालतो, उलट आवडतो, त्या घोळक्यानं राहणाऱ्या. ऑगस्टमध्ये भरलं. तेव्हा तुमचं घरटं रिकामं राहिलं तर लगेच घरट्याला दोष देऊ नका, आधी जागा बदलून बघा, आणि एक हंगाम तरी थांबा. आणि जोडी बसल्यावर मात्र हलवायचं नाही हं. आमच्या खालच्या मजल्यावर एसी दुरुस्तीवाला युनिटच्या मागचं घरटं अंड्यांसकट काढून टाकायला निघाला होता, त्याला मी सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणं नि घरटं विस्कटणं शिकारीतच धरलंय. भला माणूस होता, पंधरा दिवसांनी येतो म्हणून गेला आणि खरंच पंधरा दिवसांनी आला.

साफसफाई. हंगाम संपल्यावर दिवाळीच्या आधी मी स्क्रू काढून बाजूची फळी फिरवते, तोंडाला रुमाल बांधून, हातमोजे घालून. पहिल्या वर्षी आतनं काय काय निघालं: हरळीच्या काड्या, कोंबडीची पिसं, राखीचा रेशमी दोरा, नायलॉनचा तुकडा जो मी जपून लांब फेकला कारण त्यात पाय अडकतो, आणि अगदी आतल्या वाटीला मऊ पांढरा कापूस. तो कापूस सासूबाईंच्या वातींचा होता. त्या दुपारी गॅलरीत बसून वाती वळतात, ताटातला कापूस नेला असणार. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघत बसल्या, आणि आता मुद्दाम एक पुंजका ग्रिलला अडकवून ठेवतात. कडुलिंबाची सुकलेली पानं पण निघाली. चिमण्या घरट्यात कडुलिंबाचा पाला आणतात हे कोलकात्यात पूर्वी अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय, किडींवर म्हणून असावा, आपण धान्यात घालतो तसाच. रिकामं केलं की मी कढत पाणी ओतते, दोन दिवस उन्हात ठेवते, बास. ऑनलाइनवाल्यात हे करताच येत नव्हतं.

तक्रारी पण लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. काकांनी आठ दिवस सांगितले होते, लागले तीन आठवडे, आणि फोन उचलत नाहीत. एका घरट्याच्या छताची फळी पहिल्याच पावसाळ्यात मधनं तडकली, आत पाणी जायला लागलं होतं, तेव्हा नेमकं रिकामं होतं म्हणून बरं. नेऊन दाखवलं तर काही न बोलता फळी बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि नव्या छतावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकून दिला, तो अजून टिकून आहे. स्क्रू साधे वापरतात, गंजतात. स्टीलचे स्वतः नेऊन द्या, बदलून लावतात. आणि फिनिशिंग म्हणाल तर शोभेचं नाही, कडा सरळ पण ओबडधोबड दिसतं, दिवाणखान्यात टांगायचं असेल तर यांच्याकडं जाऊ नका.

मोठं काम पण करून घेतलं, ते थोडक्यात. माझ्या दिरांचा वाळवा तालुक्यात ऊस आहे, मध्ये सोयाबीन, उंदीर नि घुशींचा त्रास फार. ते विषाच्या वड्या टाकायचे, आणि विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला की घुबड पण जातं, म्हणजे फुकट राखण करणाराच मरतो. मलेशियात पामच्या बागांमध्ये, इस्रायलमध्ये शेतांत गव्हाणी घुबडांसाठी मुद्दाम पेट्या लावतात उंदरांसाठी, तसली एक करून द्या म्हणून काकांना सांगितलं, दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सहा इंचाचं दार. काका गप्प झाले. "घुबडाचं घर माझ्या हातनं नको वैनी," म्हणाले. मी आग्रह केला नाही. दिवाळी झाल्यावर त्यांचाच फोन आला, लक्ष्मीपूजनाला फोटोत बघितलं तर देवीच्या पायाशी तेच बसलंय, मग मी कोण नाही म्हणणार, पेटी तयार आहे घेऊन जा. १,८०० रुपये घेतले.

शेतात पंधरा फुटांच्या लोखंडी पाइपवर चढवली. पहिलं वर्ष साळुंक्यांनी वापरलं, दीर मला फोनवर चिडवायचे. या जानेवारीत पेटीखाली काळपट गोळ्या पडलेल्या दिसल्या, अंगठ्याएवढ्या. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेलं केस-हाडं असं गोळी करून तोंडावाटे टाकतं. पुतण्यानं एक गोळी वाटीत भिजवून चिमट्यानं सोडवली, आतनं उंदराचा जबडा निघाला, पुढचे दात नारिंगी, अजून तसेच घट्ट. संध्याकाळी सगळे बांधावर बसलो तेव्हा एकदा पेटीच्या दारात ते पत्त्यातल्या बदामासारखं पांढरं तोंड दिसलं. दिरांनी वड्या टाकणं बंद केलंय. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला.

काही जणी विचारतात बुलबुलासाठी कुठलं घ्यायचं. बुलबुल, शिंपी, शिंजीर हे पेटीत येतच नाहीत, बुलबुल उघडी वाटी विणतो, शिंपी पान शिवतो, शिंजीर लोंबतं घरटं करतो, त्यांना दाट झुडूप नाहीतर वेल लावा, पैसे घालवू नका. दयाळ पेटीत येतो पण त्याला भोक मोठं लागतं आणि मग साळुंकी पण शिरते, ते काकांना आधी सांगा. एका मैत्रिणीनं मिरजेला तीन कप्प्यांची चाळ करून घेतली, सहाशे रुपयांना, तिच्याकडं पहिल्या वर्षी एकाच टोकाला जोडी आली, दुसऱ्या वर्षी दोन्ही टोकांना. मधला कप्पा अजून रिकामा. त्यामुळं मी तरी सुटी सुटी घ्या म्हणेन.

पाचात साडेचार द्यावे वाटतात, अर्धा त्या तीन आठवड्यांचा कापला. ऑर्डर द्यायची असेल तर गणपतीच्या आधी दीडेक महिना जाऊ नका, मखरांची गर्दी असते, समोरच्याशी बोलायला पण वेळ नसतो त्यांना. नवरात्र झालं की जा, म्हणजे डिसेंबरपर्यंत हातात येतं आणि फेब्रुवारीत जोड्या जागा शोधत फिरायला लागायच्या आत भिंतीवर चढतं. २० मार्चला घेऊन लावलेली घरटी बहुतेक त्या उन्हाळ्यात रिकामीच राहतात, तोवर त्यांचं ठरलेलं असतं. सोबत स्टीलचे स्क्रू न्या, शिक्का बघायला सांगा, आणि शेडशी गेलात की दारातनंच जोरात हाक मारा, करवतीच्या आवाजात काकांना ऐकू जात नाही.